पत्र्याच्या इमारतीस बाहेरून रंग देताना

पावसाळा सरला, नवरात्र आटोपले आणि हवेतील ओलावा कमी होऊ लागला, की गोव्याच्या किनारपट्टीवरील गावांतून पत्र्याच्या इमारतींकडे साऱ्यांचे लक्ष जाते. ग्रामपंचायतीचे गुदाम, मच्छीमार सहकारी संस्थेची जाळी ठेवण्याची शेड, शाळेच्या मागील बाजूस उभारलेला वर्ग, बाजारातील गाळे या साऱ्या वास्तू थोड्या खर्चात व अल्पावधीत उभ्या राहतात, म्हणून त्या गावोगावी दिसतात. चार महिन्यांच्या मुसळधार पावसाने व खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावर गंजाचे तांबडे ओघळ उतरलेले असतात. मग ठराव होतो, निधी मंजूर होतो, रंगारी येतो आणि दिवाळीपूर्वी इमारत नव्यासारखी दिसू लागते. परंतु पुढील पावसाळा संपता संपता रंगाचे पापुद्रे सुटू लागतात व खालून पुन्हा गंज डोकावतो. रंग हलका होता, असे रंगारी म्हणतो. रंगारी कामचुकार होता, असे गावकरी म्हणतात. आणि लेखापरीक्षणाच्या वेळी उत्तर कोणापाशीच नसते.

अशा बहुतेक प्रकरणी दोष डब्यातील रंगाचा नसतो. रंग देण्यापूर्वी जे करावयास हवे होते ते न झाल्यामुळे, अथवा ज्या धातूवर जो रंग चालत नाही तोच दिला गेल्यामुळे, सार्वजनिक पैसा वाया जातो. यास्तव पत्रा गंजतो कसा, रंग सुटतो का आणि काम कोणत्या क्रमाने करावे, याचा विचार येथे केला आहे.

गंज कसा चढतो

लोखंड, प्राणवायू आणि पाणी ही तीन एकत्र आली म्हणजे गंज निर्माण होतो. यांपैकी एक जरी दूर ठेवले तरी गंजण्याची क्रिया थांबते. लोखंड तर पत्र्यातच आहे आणि प्राणवायू हवेत सर्वत्र आहे. तेव्हा माणसाच्या हाती उरते ते एवढेच, की पाणी लोखंडापर्यंत पोहोचू द्यावयाचे नाही. रंगाचे खरे कार्य हेच होय. शोभा ही त्यासोबत मिळणारी गोष्ट आहे.

समुद्रकिनारी या क्रियेस मिठाची जोड मिळते. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात व त्यांतील क्षार पत्र्यावर बसतात. हे क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात. त्यामुळे पाऊस नसतानाही रात्रीच्या वेळी पत्रा ओला राहतो. शिवाय खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे गंजण्याची रासायनिक क्रिया वेग घेते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. म्हणून रंगाखाली गंज धरला की तो रंगास खालून उचलतो, फट वाढते, अधिक पाणी शिरते आणि नुकसान दुणावत जाते.

येथे एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या भागावर पाऊस सरळ कोसळतो, तेथील क्षार पावसानेच धुतले जातात. याउलट वळचणीखालील भाग, छपराच्या पुढे आलेल्या कडेची खालची बाजू आणि भिंतीचा वरचा पट्टा येथे क्षार साचतात, पण पाऊस पोहोचत नाही. म्हणून आडोशाचा पत्राच अनेकदा आधी कुजतो. पाहणी करणाऱ्याने नजर वर करून हे भाग मुद्दाम तपासले पाहिजेत.

जस्ताचे कवच

पन्हळी लोखंडी पत्र्याचे एकस्व हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज अभियंत्याने १८२९ साली घेतले. पत्र्यास पन्हळी पाडल्या की पातळ असूनही तो वाकत नाही, हे त्यामागील साधे तत्त्व. पुढे १८३७ साली स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर कवच चढविण्याच्या रीतीचे एकस्व घेतले. या दोन शोधांच्या संयोगातून आजचा जस्ती पत्रा जन्मास आला.

जस्त दोन प्रकारे संरक्षण देते. प्रथमतः ते पाणी व हवा यांना लोखंडापासून दूर ठेवते. दुसरे असे, की पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी आजूबाजूचे जस्त स्वतः आधी झिजते आणि लोखंडास काही काळ वाचविते. परंतु हे कवच फार पातळ असते. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या प्रतीच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असते. म्हणजे एका बाजूस सुमारे १९ ते २० मायक्रॉन, अर्थात एका मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग. स्वस्त पत्र्यावर याच्या निम्म्याहूनही कमी जस्त असू शकते.

हवामानाची गंजकारकता ठरविणाऱ्या ९२२३ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकात जस्ताच्या वार्षिक झिजेचे वर्ग दिलेले आहेत. समुद्रापासून दूर, स्वच्छ हवेच्या ग्रामीण भागात ही झीज वर्षाला ०.१ ते ०.७ मायक्रॉन असते. किनाऱ्यालगतच्या अति गंजकारक वर्गात ती ४.२ ते ८.४ मायक्रॉनपर्यंत जाते. हिशेब साधा आहे. वर्षाला अर्धा मायक्रॉन झीज धरल्यास २० मायक्रॉनचे कवच ४० वर्षे पुरेल. वर्षाला ५ मायक्रॉन झीज धरल्यास ते ४ वर्षांत संपेल. इंदूर वा ग्वाल्हेरकडील नातेवाइकाच्या घरचा बिनरंगाचा पत्रा वर्षानुवर्षे टिकतो आणि हरमल वा काणकोणच्या किनाऱ्यावरचा टिकत नाही, याचे कारण पत्र्याच्या दर्जाइतकेच हवेतही शोधावे लागते.

म्हणूनच किनारी भागात जस्त शिल्लक असतानाच त्यावर रंग चढविणे शहाणपणाचे ठरते. रंग जस्तास वाचवितो आणि रंगास बारीक तडा गेल्यास जस्त लोखंडास वाचविते. दोघे मिळून जितकी वर्षे टिकतात, ती दोघांच्या स्वतंत्र आयुष्यांच्या बेरजेपेक्षा अधिक असतात, असा अनुभव आहे. जस्त पूर्ण झिजून पत्रा तांबडा झाल्यावर दिलेला रंग इतके फळ देत नाही.

रंग का सुटतो

लाकडी दारे-खिडक्यांना किंवा साध्या लोखंडी गजांना जो तेलरंग दिला जातो, तोच जस्ती पत्र्यावर थेट फासणे ही सर्वांत मोठी व सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. तेलरंगातील स्निग्ध आम्लांशी जस्ताचा संयोग होऊन रंग आणि पत्रा यांच्यामध्ये साबणासारखा पातळ थर तयार होतो. ही क्रिया सावकाश घडते, म्हणून पहिले काही महिने रंग उत्तम दिसतो. पुढे पावसाचे पाणी झिरपले की तो साबणी थर पकड सोडतो आणि रंगाचे मोठमोठे पापुद्रे हाताने ओढले तरी निघून येतात. अशा पापुद्र्याखाली गंज नसून करडे जस्त दिसत असेल, तर दोष याच चुकीचा आहे असे खुशाल समजावे.

यावर उपाय म्हणून नवा पत्रा मोरचुदाच्या पाण्याने धुण्याची एक जुनी रीत आहे. त्यायोगे पृष्ठभाग काळा व खरबरीत होतो हे खरे. परंतु मोरचुदातील तांबे जस्तावर बसते आणि तांबे व जस्त एकत्र आले की जस्ताची झीज वाढते. म्हणून आज ही रीत इष्ट मानली जात नाही. याच कारणास्तव तांब्याच्या तारेवरून अथवा नळीवरून ठिबकणारे पाणी जस्ती पत्र्यावर पडू देऊ नये.

रंग सुटण्याची इतर कारणेही सर्वांच्या परिचयाची आहेत. क्षार व धूळ न धुता दिलेला रंग, ओल्या पत्र्यावर दिलेला रंग, भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर दिलेला रंग, रॉकेल घालून पातळ केलेला रंग, आणि पहिला हात वाळण्यापूर्वीच चढविलेला दुसरा हात, यांपैकी प्रत्येक गोष्ट काम बिघडविण्यास पुरेशी आहे.

आधी पाहणी

कामाचे अंदाजपत्रक करण्यापूर्वी इमारतीस चारही बाजूंनी फेरी मारावी. छत व भिंती कशाच्या आहेत हे प्रथम ठरवावे. लोहचुंबक चिकटले तर आत लोखंड आहे. चिकटले नाही आणि पत्रा हलका व चकचकीत असेल तर तो ॲल्युमिनियमचा असू शकतो. त्याचे अस्तर वेगळे असते. करड्या रंगाचे, जाड व ठिसूळ पत्रे सिमेंटचे असतात. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असण्याचा संभव असतो व ते श्वासावाटे फुफ्फुसात गेल्यास गंभीर आजार जडतात. असे पत्रे तारेच्या ब्रशाने घासू नयेत, कापू नयेत, त्यांना भोकेही पाडू नयेत.

त्यानंतर पत्र्याची अवस्था तीन भागांत विभागावी. करडे जस्त शाबूत आहे तो पहिला भाग. पृष्ठभागावर तांबडा गंज आहे पण पत्रा टणक आहे तो दुसरा. आणि टोचणीने टोचल्यास भोक पडते तो तिसरा. तिसऱ्या भागावर रंगाचा एक थेंबही खर्चू नये. तो पत्रा बदलावा. रंग हे औषध आहे, मेलेल्या पत्र्यास ते जिवंत करीत नाही. कैच्या, खांबांचे तळ, आढ्यावरील पत्रा, पन्हळ, हूक व वायसर हेही याच वेळी तपासावेत. वायसर वाळून चिरले असतील तर पाणी तेथूनच आत येते.

गोव्यात आणखी एक फसगत संभवते. जांभ्या दगडाची किंवा खनिजाची तांबडी धूळ पत्र्यावर बसून तो गंजल्यासारखा दिसतो. ओल्या फडक्याने पुसून पाहावे. डाग निघून खाली करडा पृष्ठभाग दिसला तर तो गंज नव्हे. या साध्या परीक्षेने खरवडण्याची मजुरी वाचते आणि शाबूत जस्त विनाकारण घासले जात नाही.

धुणे व खरवडणे

कामाचा योग्य क्रम आधी धुणे, मग खरवडणे आणि शेवटी पुन्हा धुणे असा आहे. न धुताच खरवडल्यास क्षार व तेलकटपणा पृष्ठभागात अधिकच घासला जातो. साबणाच्या पाण्याने व नारळाच्या किंवा प्लॅस्टिकच्या ब्रशाने पत्रा वरून खाली धुवावा व गोड्या पाण्याने स्वच्छ करावा. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये. शेवाळ उरल्यास पातळ केलेले ब्लीचिंग पावडरचे पाणी सुमारे दहा मिनिटे लावून भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. ब्लीचिंग पावडरमध्ये कोणतेही आम्ल कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

पत्रा नीट धुतला गेला की नाही हे पाण्यावरूनच कळते. पाणी सलग पडद्यासारखे पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. ते थेंब थेंब होऊन आक्रसले तर तेलकटपणा शिल्लक आहे.

गंजलेल्या जागी सैल पापुद्रे पटाशीने काढावेत, नंतर तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपराने घासून टणक पृष्ठभाग येईपर्यंत काम करावे. शाबूत जस्तावर मात्र तारेचा ब्रश जोराने चालवू नये. बारीक पॉलिश पेपराचा हलका हात पुरतो. जुना रंग जेथे घट्ट आहे तेथे तो पूर्ण काढण्याची गरज नसते. त्याची चकाकी मोडावी व कडा घासून पायरीऐवजी उतार करावा. जुन्या रंगावरून बोट फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागली तर ती पूर्ण धुऊन काढावी. भुकटीवर दिलेला नवा रंग पत्र्यास न चिकटता भुकटीसच चिकटतो.

जुन्या रंगातील शिसे

खरवडताना निघणारी धूळ हा केवळ कचरा नव्हे. पूर्वी लोखंडावर शेंदरी रंगाचे शिशाचे अस्तर देण्याची पद्धत सर्वत्र होती आणि वरच्या रंगांतही शिशाची संयुगे असत. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते व मुलांच्या दृष्टीने त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. भारतात २०१६ साली केलेल्या नियमांनुसार घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असे ठरले व १ नोव्हेंबर २०१७ पासून त्याहून अधिक शिसे असलेल्या अशा रंगांच्या उत्पादनास बंदी आली. परंतु त्यापूर्वी दिलेला रंग इमारतींवर अजूनही आहे. पॅरिस येथील आयफेल टॉवरला सुमारे दर सात वर्षांनी रंग दिला जातो. तेथेही जुन्या थरांतील शिशामुळे २०२१ साली रंगकाम थांबवावे लागले होते.

यास्तव शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या इमारतीचे खरवडकाम सुट्टीतच करावे. जुना रंग कोरडा न घासता पाण्याने ओला करून घासावा. तो बत्तीने जाळून काढू नये. खाली प्लॅस्टिकची चादर अंथरावी, पापुद्रे व गाळ गोळा करून बंद पिशवीत भरावा आणि तो विहिरीजवळ, परसात किंवा शेतात टाकू नये. कामगारांनी योग्य प्रतीचा मुखवटा वापरावा, जेवणापूर्वी हात-तोंड धुवावे आणि कामाचे कपडे घरातील मुलांच्या कपड्यांसोबत धुऊ नयेत.

येथे नावांचा एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. बाजारात ज्यास रेड ऑक्साइड म्हणतात ते लोहाच्या ऑक्साइडचे अस्तर असून ते विटकरी दिसते. रेड लेड म्हणजे शिशाचे अस्तर, त्याचा रंग शेंदरी असतो. दोन्ही एक नव्हेत. पिवळ्या झिंक क्रोमेट अस्तरातील क्रोमियमही कर्करोगकारक आहे. आज झिंक फॉस्फेटचे अस्तर सहज उपलब्ध आहे, तेव्हा तेच मागावे.

अस्तर व रंगाचे हात

खरवडून उघडे झालेले लोखंड त्याच दिवशी अस्तराखाली गेले पाहिजे. किनारी भागात ते एक रात्र उघडे राहिले तरी त्यावर नवा गंज चढतो. म्हणून जेवढे झाकता येईल तेवढेच एका दिवसात खरवडावे. गंजाच्या जागी झिंक फॉस्फेटचे अस्तर प्रथम ठिपक्या-ठिपक्यांनी द्यावे. हूक, कडा, सांधे व खिळ्यांची डोकी यांवर ब्रशाने एक जादा हात द्यावा, कारण धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो व तेथे थर पातळ राहतो.

जस्त उघडे आहे तेथे जस्ती पत्र्यासाठीच बनविलेले अस्तर लागते. डब्यावर तसा स्पष्ट उल्लेख असावा. त्यावर बाह्य वापराचा ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन रंग चांगला टिकतो. साधा तेलरंग द्यावयाचाच असल्यास योग्य अस्तराखेरीज देऊ नये. जुन्या तेलरंगावर तीव्र द्रावकाचा रंग दिल्यास जुना थर सुरकुततो, म्हणून आधी एका कोपऱ्यात हातभर जागा रंगवून दोन-तीन दिवस पाहावी.

प्रत्येक हाताची छटा थोडी वेगळी ठेवावी. अस्तर करडे, पहिला हात किंचित गडद आणि शेवटचा हात ठरलेल्या रंगाचा असला, म्हणजे कोठे काय सुटले ते रंगाऱ्यास आणि देखरेख करणाऱ्यास खालूनच दिसते. छपरासाठी पांढरा किंवा फिका रंग निवडावा. तो उन्हाची उष्णता परत फेकतो व खालच्या वर्गात मुलांना दुपार सुसह्य होते.

ऋतू व वेळ

गोव्यात या कामास नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये पत्रा फार तापतो आणि जूनच्या तोंडावर वळिवाची भीती असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा अधिक असताना रंग देऊ नये. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअस अधिक असावे, असा नियम आहे. उपकरण नसल्यास साधी खूण अशी: ओल्या फडक्याने पत्र्यावर पातळ पट्टा ओढावा, तो पंधरा मिनिटांच्या आत वाळला तर रंग देण्यास हरकत नाही. हिवाळ्यात सकाळी दव पूर्ण वाळल्यावर काम सुरू करावे, सावलीची बाजू सूर्यामागोमाग घ्यावी आणि सूर्यास्तापूर्वी निदान दोन-तीन तास आधी थांबावे. नाहीतर ओल्या रंगावर दव पडून त्याची चकाकी जाते.

मोजमाप व अंदाज

पंचायत सचिवांना उपयोगी पडावे म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, शेडची लांबी १५ मीटर, रुंदी ६ मीटर व भिंतींची उंची ३ मीटर आहे. दुपाखी छपराचे आढे भिंतीच्या माथ्यापासून १.२५ मीटर उंच आहे.

चार भिंती : परिमिती ४२ मीटर × ३ = १२६ चौ. मी.
दोन त्रिकोणी बाजू : २ × ½ × ६ × १.२५ = ७.५ चौ. मी.
दारे-खिडक्यांची वजावट : समजा ६ चौ. मी.
छपराच्या एका पाखीची तिरपी लांबी : ३ व १.२५ या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजे ३.२५ मीटर
दोन पाखी : २ × १५ × ३.२५ = ९७.५ चौ. मी.
एकूण सपाट क्षेत्र : १२६ + ७.५ − ६ + ९७.५ = २२५ चौ. मी.

परंतु पन्हळीमुळे रंगवावयाचा पृष्ठभाग सपाट मापाहून अधिक भरतो. बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकानुसार पन्हळी लोखंडी पत्र्यासाठी १.१४ ने गुणतात. म्हणून प्रत्यक्ष क्षेत्र २२५ × १.१४ = २५६.५ चौ. मी. झाले. हा गुणक विसरल्यास रंग मध्येच संपतो आणि मग उरलेले काम पातळ रंगावर भागविले जाते.

अस्तरात घन भाग ४० टक्के असेल, तर एक लिटरात ४०० मिलिलिटर घन राहतो. १० चौ. मी.वर तो पसरल्यास वाळलेला थर ४० मायक्रॉनचा होतो. या दराने अस्तर सुमारे २६ लिटर लागेल; दहा टक्के नासधूस धरून २९ लिटर घ्यावे. वरचा रंग एका हातास १२ चौ. मी. प्रतिलिटर धरल्यास दोन हातांस सुमारे ४३ लिटर, नासधुशीसह ४७ लिटर होईल. कोणी याच इमारतीचे काम २० लिटर रंगात करून देतो म्हणाला, तर थर किती पातळ होईल हे त्याच हिशेबावरून त्याला दाखवावे.

निविदेत धुणे, खरवडणे, अस्तर व दोन हात यांच्या बाबी वेगवेगळ्या लिहाव्यात. खरवडणे संपल्यावर, अस्तर वाळल्यावर आणि पहिला हात झाल्यावर, अशा तीन टप्प्यांवर पाहणी झाल्याखेरीज पुढील काम सुरू होऊ देऊ नये. थराची जाडी चुंबकीय मापकाने मोजताना त्यात जस्ताची जाडीही मिसळलेली असते, ती वजा करावी. पकड तपासण्यासाठी पूर्ण वाळलेल्या रंगावर पात्याने फुलीचा छेद देऊन चिकटपट्टी घट्ट दाबावी व झटक्याने ओढावी. रंग पट्टीसोबत आला तर काम नापास. छेदाची जागा पुन्हा रंगवून घ्यावी.

उंचीवरील दक्षता

पत्र्याच्या छपरावरून कोसळून माणसे दगावतात, ती बहुधा पत्रा फुटल्यामुळे. बाहेरून रंगलेला पत्रा आतून कुजलेला असू शकतो. उजेडासाठी बसविलेला फायबरचा पत्रा तर माणसाचा भार मुळीच सोसत नाही, आणि पूर्वी कोणी त्यावरही रंग फासला असेल तर तो ओळखूही येत नाही. छपरावर चढण्यापूर्वी आतून वर पाहून अशा पत्र्यांच्या जागी खुणा कराव्यात. पत्र्यावर थेट पाय न ठेवता खालच्या वाशांवर आडव्या टेकलेल्या फळ्यांवरून चालावे व सुरक्षा पट्टा भक्कम जागी बांधावा. परांची सपाट जमिनीवर उभारावी. शिडीची उंची चार मीटर असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटर दूर असावा. इमारतीस येणारी विजेची तार कामापूर्वी वीज खात्याकडून बंद करून घ्यावी. ओला पत्रा, लोखंडी शिडी व विजेची तार यांचा संयोग प्राणघातक होतो.

काम संपल्यावर रिकामे डबे पाणी, दूध वा धान्य ठेवण्यासाठी घरी नेऊ नयेत. छपराचे पाणी साठविण्याची सोय असल्यास रंगानंतरच्या पहिल्या काही पावसांचे पाणी टाकीत न घेता बाहेर सोडावे, आणि ते पिण्यास वापरावयाचे असल्यास रंग त्या कामास योग्य असल्याची खात्री विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.

शाळेत करावयाचा प्रयोग

हा विषय विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखविणे सोपे आहे. काचेचे पाच पेले व पाच खिळे घ्यावेत. पहिल्या पेल्यात कोरडा खिळा ठेवून तो पेला झाकावा. दुसऱ्यात उकळून गार केलेल्या पाण्यात खिळा बुडवून वर तेलाचा थर द्यावा, म्हणजे हवा आत जाणार नाही. तिसऱ्यात साधे पाणी, चौथ्यात मिठाचे पाणी घालावे. पाचव्यातही मिठाचे पाणी घालावे. मात्र तेथील खिळा जस्ती असावा व त्यावर कानशीने एक बारीक ओरखडा काढावा. आठवडाभर रोज नोंद ठेवावी. पहिले दोन खिळे स्वच्छ राहतात, तिसरा गंजतो, चौथा त्याहून अधिक गंजतो. पाचव्यावर ओरखड्याची जागा तशीच राहते आणि आजूबाजूस पांढरट भुकटी दिसू लागते. ती भुकटी म्हणजे लोखंडासाठी झिजलेले जस्त होय. शाळेच्या शेडवर बाहेर काय चालले आहे, ते मुलांना पेल्यात पाहावयास मिळते.

रंगानंतरची देखभाल

रंग दिला म्हणजे काम संपले असे नव्हे. वर्षातून दोनदा, मेअखेर व दसऱ्याच्या सुमारास, इमारत गोड्या पाण्याने धुवावी. वळचणीखालील भाग विसरू नये. पन्हळीत साचलेली पाने काढावीत, भिंतीच्या पायथ्याशी माती, रेती किंवा सिमेंटचा माल पत्र्यास टेकू देऊ नये. ओले सिमेंटही जस्तास खाते. रुपयाएवढा गंजाचा ठिपका दिसला तर तो त्याच आठवड्यात घासून अस्तर व रंग लावावा. त्यासाठी मूळ रंगाचा एक लहान डबा घट्ट बंद करून जपून ठेवावा.

पंचायतीने किंवा शाळेने एक नोंदवही ठेवणे अगत्याचे आहे. रंग कोणत्या दिवशी दिला, कोणत्या प्रकारचा व किती लिटर, अस्तर कोणते, पाहणी कोणी केली आणि पहिला ठिपका कोठे व केव्हा दिसला, एवढे तिच्यात असले तरी पुरे. सरपंच बदलतात, मुख्याध्यापकांची बदली होते, रंगारीही दुसरा येतो. पुढच्या वेळी शिडी लावण्यापूर्वी ती वही उघडली, की कोणत्या भिंतीवर आधी हात घालावयाचा हे नव्या माणसासही कळते.